ऐकणे आणि सोसणे

बंधुभगिनींनो, ‘आज्ञापालन’ हा शब्द आपण प्रार्थनामंदिरात वापरतो. घरात मात्र आपण त्यासाठी ‘ऐकणे’ एवढेच म्हणतो. ‘पोरगं ऐकत नाही’ असे म्हणणाऱ्या आईला मुलाच्या कानांविषयी काही सांगायचे नसते. मराठीने ऐकणे आणि मानणे ही दोन्ही कामे एकाच क्रियापदाकडे सोपवली आहेत, आणि पवित्र शास्त्राच्या मूळ भाषांनीही तेच केले आहे. ‘हे इस्राएला, ऐक’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील वचनात जे इब्री क्रियापद आहे, त्यात कानाने ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. ग्रीकमध्ये आज्ञाधारकपणासाठी जो शब्द येतो तो तर ‘ऐकणे’ या धातूपासूनच घडला आहे. आज मला दुःखाविषयी बोलायचे आहे, पण त्याची सुरुवात या एका क्रियापदापासून करणे मला आवश्यक वाटते, कारण दुःख आणि श्रद्धा यांची गाठ पडते ती बहुधा इथेच.

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील सातवे, आठवे आणि नववे वचन आपण सलग वाचतो तेव्हा अनुवादात एक गोष्ट निसटते. सातव्या वचनात असे म्हटले आहे की, जो मरणातून तारावयास समर्थ होता त्याच्याकडे येशूने मोठा आक्रोश करून आणि अश्रू गाळून प्रार्थना केल्या, आणि त्याचे ऐकण्यात आले. आठव्यात म्हटले आहे की, पुत्र असूनही त्याने जे सोसले त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. नवव्यात, जे त्याच्या आज्ञेत राहतात त्या सर्वांच्या तारणाचा तो कर्ता झाला, असे आहे. ‘ऐकण्यात आले’, ‘आज्ञाधारकपणा’ आणि ‘आज्ञेत राहणारे’ हे तिन्ही शब्द ग्रीकमध्ये ऐकण्याच्या त्या एकाच धातूची लेकरे आहेत. म्हणजे पित्याने पुत्राचे ऐकले, पुत्र सोसता सोसता पित्याचे ऐकायला शिकला, आणि आता आपण पुत्राचे ऐकायचे आहे. आठव्या वचनात आणखी एक जोडी आहे: ‘एमाथेन’ म्हणजे शिकला आणि ‘एपाथेन’ म्हणजे सोसले. ग्रीक वाङ्मयात या दोन शब्दांचे यमक ख्रिस्ताच्या कितीतरी आधीपासून रूढ होते. मात्र प्रत्यक्ष देवाच्या पुत्राविषयी तसे लिहिण्याचे धैर्य या पत्राच्या लेखकाने केले, आणि मला ते फार मोठे धैर्य वाटते.

आता कोणीही विचारील की, त्याचे ऐकण्यात आले म्हणजे नेमके काय झाले? मरणाच्या आदल्या रात्री येशूने ज्या बागेत प्रार्थना केली, त्या गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा असा होतो. त्या बागेत येशूने ‘अब्बा’ म्हणून हाक मारली आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनवणी केली, ती मार्काने नोंदवलेली आहे. प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो वधस्तंभावर होता. तरीही पत्राचा लेखक ‘त्याचे ऐकण्यात आले’ असे ठामपणे लिहितो. आपल्या रोजच्या बोलण्यात देवाने ऐकले म्हणजे मागितलेले मिळाले, आजारी माणूस घरी परत आले, असाच अर्थ असतो. त्या अर्थाने गेथशेमानेतली प्रार्थना ऐकली गेली नाही. हे सरळ कबूल केल्याशिवाय दुःखाविषयी बोलू नये, असे मला वाटते. पित्याने पुत्राला मरणापासून दूर ठेवले नाही. त्याने त्याला मरणातून, पुनरुत्थानाकडे नेले. पण शुक्रवारच्या दुपारी हे कोणालाही दिसत नव्हते, आणि आपल्यापैकी अनेकांची शुक्रवारची दुपार वर्षानुवर्षे चालू राहते.

हे सारे आपल्या मातीत ज्यांनी जगून पाहिले त्यांच्यात पंडिता रमाबाईंचे नाव मला प्रथम घ्यावेसे वाटते. 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे जन्मलेल्या या मुलीला आईने, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थांमागून तीर्थे हिंडत आणि पुराणे सांगत. 1874 पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत हे कुटुंब अक्षरशः उपाशी पडले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. त्या दिवसांचा एक प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईला बाजरीच्या भाकरीचा तुकडा खावासा वाटला. सोळा वर्षांची ती मुलगी शेजारच्या बाईकडे मागायला गेली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. कुणापुढे हात पसरायची सवय नव्हती. त्या बाईने ओळखून भाकर दिली. ती घेऊन मुलगी परतली तेव्हा आईला खाण्याचेही भान उरले नव्हते. हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी माझे लक्ष त्या हातातल्या भाकरीवर जाते. तिचे पुढे काय झाले असेल?

त्यानंतर त्या आपला भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि 1882 च्या आरंभी पटकीने तेही गेले. मांडीवर तान्ही मनोरमा उरली. पुढच्या वर्षी वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या, परंतु त्यांची श्रवणशक्ती अधू होती आणि त्यामुळे तो बेत सोडून द्यावा लागला. ज्या स्त्रीने पुढे आयुष्यभर देवाचे ऐकले, तिला कानांनी नीट ऐकू येत नव्हते. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

आज्ञापालनाचा खरा कस लागला तो यानंतर. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांना आपल्या या धर्मकन्येने चर्चच्या अधिकाराखाली नम्रपणे राहावे असे मनापासून वाटत होते. रमाबाईंनी 1885 मध्ये त्यांना कळवले की, भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले असताना तसलेच दुसरे जोखड घेण्याची आपली तयारी नाही. त्या दोघींचा पत्रव्यवहार वाचताना जेराल्डीनबाईंच्या प्रेमाविषयी माझ्या मनात शंका येत नाही, पण बाजू मात्र मी निःसंकोचपणे रमाबाईंची घेतो. आपल्या मंडळ्यांमध्ये, आपल्या घरांमध्ये, आज्ञापालनाचे वचन किती वेळा दुर्बळाला गप्प बसवण्यासाठी वापरले गेले आहे! मार खाणाऱ्या सुनेला ‘ख्रिस्तानेही सोसले’ असे सांगणारे सल्लागार मी पाहिले आहेत. ख्रिस्ताने सोसले ते पित्याचे ऐकून, आणि पित्याचे ऐकत असल्यामुळेच तो अधिकाऱ्यांच्या तोंडावर सत्य बोलला. त्याच्या दुःखाचे नाव घेऊन दुसऱ्याला दुःखात ढकलणे किंवा दुःखात राहायला भाग पाडणे हे आज्ञापालन नव्हे, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

याच्याइतकीच दुसरी घातक सवय म्हणजे दुःखाचे कारण सांगण्याची घाई. माझा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात गेला तेव्हा आमच्या घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने काहीतरी कारण आणले होते. देवाला चांगली फुले आवडतात, एक म्हणाले. दुसरे म्हणाले, यात काहीतरी शिकवण आहे. आई पदराने तोंड पुसून मान हलवीत असे. गल्लीतली एक वृद्ध बाई मात्र रोज दुपारी आपले सूप घेऊन येई, आईसमोर बसे, आणि दोघी मिळून तांदूळ निवडत. ती काही बोललेली मला आठवत नाही. खडे बाजूला पडत, सूप पाखडल्याचा आवाज येई, आणि साधारण पंधरवड्यानंतर एका दुपारी आई तिच्याशी आपण होऊन भावाविषयी बोलू लागली.

पवित्र शास्त्रातील ईयोबाच्या ग्रंथात मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, हेही प्रथम असेच आले होते. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसून राहिले, आणि माझ्या मते त्या संपूर्ण ग्रंथात त्यांच्याकडून घडलेले तेवढे एकच चांगले काम आहे. नंतर ते बोलले. त्यांची बहुतेक वाक्ये सुटी काढून पाहिली तर प्रवचनात शोभतील अशी आहेत. पण शेवटी परमेश्वर अलीफजला सांगतो की, माझा सेवक ईयोब याच्यासारखे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाशी भांडणारा ईयोब यथार्थ ठरला आणि देवाची वकिली करणारे चुकले! ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण अखेरपर्यंत सांगितले गेले नाही. त्याला उत्तर मिळाले, कारण मिळाले नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले तेव्हा येशूनेही तो प्रश्नच बाजूला सारला आणि थुंकीने चिखल कालवायला घेतला.

रमाबाईंकडे परत येतो. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता आल्या तेव्हा त्यांच्या हाताशी पुरेसा पैसा नव्हता, आणि 1889 साली मुंबईत सुरू होऊन पुण्यास आलेले शारदासदन, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेली शाळा, आधीच लोकापवाद सोसत होते. तरीही त्या निघाल्या. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार आठवल्यावर बसून राहणे आपल्याला अशक्य झाले, असे त्यांनी लिहिले आहे. तेथून त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या शेतावर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली, आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही अनाथ मुली तेथे आल्या. आईला न मिळालेल्या भाकरीचे हे समर्थन आहे, असे मी म्हणणार नाही. कोणत्याही हिशेबात ती भाकर वळती होत नाही. मी एवढेच म्हणतो की, त्या भुकेने रमाबाईंचे कान उघडले, आणि इतरांना जी बातमी होती ती त्यांना हाक म्हणून ऐकू आली.

उतारवयात त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले, कारण मुक्तीतल्या अल्पशिक्षित बायकांना प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी समजत नव्हती. संस्कृतात पंडिता म्हणून गौरवलेल्या स्त्रीने अशा बायकांसाठी संस्कृत शब्द टाळत बसावे, यातही मला ऐकणेच दिसते. हे काम सुरू असतानाच, 24 जुलै 1921 रोजी, मनोरमा गेली. आईनंतर संस्था तिनेच चालवावी अशी सर्वांची अपेक्षा होती. रमाबाई 63 वर्षांच्या होत्या, स्वतः आजारी होत्या, आणि त्यांनी मुद्रिते तपासणे थांबवले नाही. भाषांतराचे काम संपवूनच, 5 एप्रिल 1922 रोजी, झोपेत त्यांचा अंत झाला.

ते पवित्र शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एखादीने कधीतरी इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय लावला असेल. आणि शिशाची ती उलटी अक्षरे एकेक करून ओळीत बसवताना, पुत्राने काय सोसले आणि तो काय शिकला, हे तिने आपल्या बोलीत, ओठ हलवीत वाचले असेल.