हे कोणी कोरलं रे?

मंडळी, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी माझ्या आत्याला बोर्रा गुहा दाखवायला घेऊन गेलो. आत शिरून दोन मिनिटं झाली नसतील, तोच तिनं विचारलं, "हे कोणी कोरलं रे?"

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. डोंगरात पोकळी दिसली की आपल्या माणसाच्या मनात लेणं येतं. कार्ले, भाजे, वेरूळ. तिथे छिन्नीचे घाव दिसतात, कोणत्या गावच्या कोणी खांबासाठी दान दिलं तेही भिंतीवर लिहिलेलं असतं. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट. तो चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे माणसानं कोरलेलं उदंड, आणि पाण्यानं पोखरलेलं पाहायचं तर प्रवास आला.

आंध्र प्रदेशात, पूर्व घाटातल्या अनंतगिरीच्या डोंगरांत बोर्रा गाव आहे. विशाखापट्टणमहून साधारण 90 किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. तेलुगूत 'बोर्रा गुहलु' म्हणतात, गुहलु म्हणजे गुहा, अनेकवचनी. एका दिवसात जाऊन येता येतं. रस्ता आहे, पण माझं ऐकाल तर जाताना रेल्वेनंच जा. सकाळी सातच्या आत विशाखापट्टणमहून किरंदूलची गाडी निघते आणि सुमारे तीन तासांत बोर्रागुहलु स्थानकावर सोडते. शृंगवरपुकोटापर्यंत सपाटी, भाताची खाचरं. मग घाट लागतो आणि डब्यातली पोरं बोगदे मोजायला लागतात. कोत्तवलसा ते किरंदूल या अख्ख्या मार्गावर 58 बोगदे आहेत. आमच्या समोरच्या बाकावरचा मुलगा सतराव्या बोगद्याला झोपला.

हा मार्ग पर्यटकांसाठी बांधलेला नाही, हे लक्षात ठेवा. छत्तीसगडमधल्या बैलाडिला डोंगरांचं लोहखनिज विशाखापट्टणम बंदरात आणून जपानला पाठवायचं, यासाठी 1960 च्या दशकात तो डोंगर फोडून काढला. आजही घाटात समोरून लालसर धुळीनं माखलेल्या मालगाड्या येतात. आणि गंमत अशी, की ज्या रुळांवरून आपण येतो तोच मार्ग गुहेच्या डोक्यावरून पुढे जातो. वर माणसानं पाडलेली भोकं, खाली पाण्यानं पाडलेलं.

तोंडातून आत गेलं की आधी पायऱ्या आणि भलंमोठं दालन. छताला एक भोक आहे, त्यातून उजेडाचा पट्टा सरळ खाली उतरतो. गावची गोष्ट अशी, की चरणारी गाय त्या भोकातून आत पडली. गुराखी शोधत आला तर गाय धडधाकट, आणि शेजारी शिवलिंग. म्हणून आत शंकराचं ठाणं, शिवरात्रीला गर्दी, आणि इथल्या नदीचं नाव गोस्थनी, गाईच्या आचळांतून आलेली.

मग वाटाड्या बॅटरी काढतो आणि सुरू होतो, हे शिवपार्वती, ही आई-मूल, हा मगर, हा माणसाचा मेंदू. लाल, हिरवे, निळे दिवे लावलेले आहेत, त्यामुळे लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटतं. मला हे आवडत नाही, पण वाटाड्याला दोष देऊ नका. ही बहुतेक आसपासच्या आदिवासी गावांतली पोरं आहेत, आणि लोक तेच मागतात. फक्त एक करा. त्याचं सांगून झालं की त्याला दोन मिनिटं थांबवा आणि छताला लोंबणारी एखादी बारीक नळी शोधा. तिच्या टोकाला थेंब असेल. तो बघा.

पाऊस पडतो, पाणी मातीतून झिरपतं, मातीतल्या मुळांचा आणि किड्यामुंग्यांचा कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो. सोड्यासारखं किंचित आंबट झालेलं हे पाणी चुनखडीच्या फटींतून उतरताना चुना विरघळवत येतं. छताशी पोहोचलं की गुहेतल्या हवेत तो वायू निसटतो, सोड्याचं झाकण उघडल्यावर निसटतो तसा. मग पाण्याला तेवढा चुना पेलवत नाही. थेंबाच्या कडेला अगदी बारीक कडं बसतं. थेंब पडतो, दुसरा येतो, त्याच कड्यावर दुसरं कडं. म्हणून ती सुरुवातीला पोकळ नळीच असते, आत पेन्सिलीचं शिसं जाईल एवढी. पुढे नळी बुजते, पाणी बाहेरून ओघळतं आणि तिचं गाजर होतं. शाळेत आपण घोकलेला अधोमुखी लवणस्तंभ तो हा. खाली थेंब आपटतो तिथे उरलेला चुना साचून ऊर्ध्वमुखी उठतो. दोघे भेटले की खांब.

आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बंबात बसतो तो पांढरा थर?" अगदी तोच. बंबात पाणी तापल्यानं वायू जातो, इथे नुसता हवा लागल्यानं. घाई मात्र नाही. सर्वसाधारण वाढ धरली तर हजार वर्षांत दहा सेंटिमीटर. रामदेवराय यादव देवगिरीच्या गादीवर होता, तेव्हापासून आजवर जेमतेम चार बोटं.

आता शोधाची गोष्ट. बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी 1807 साली या गुहेचा शोध लावला. ते सर्वेक्षण स्थापन झालं 1851 साली! एकानं चुकीचं छापलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. शिवाय शोध कसला? इथल्या लोकांची गुरं वर चरत होती, आणि आंध्र विद्यापीठाच्या उत्खननात तर गुहेत पुराश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत.

शोधापेक्षा महत्त्वाची तारीख आहे 11 जुलै 1997. ती कुठल्या फलकावर दिसली नाही. या डोंगरांत नुसती चुनखडी नाही, कॅल्साइट आहे, अभ्रक आहे. बोर्राच्या राखीव जंगलात आणि आसपासच्या गावांत खासगी कंपन्यांना खाणपट्टे दिले गेले होते. हा अनुसूचित प्रदेश, म्हणजे आदिवासींच्या संरक्षणासाठी संविधानानं वेगळा ठरवलेला भाग. इथली जमीन बिगरआदिवासीला देता येत नाही, असा 1959 चा नियम, 1970 मध्ये आणखी कडक केलेला. सरकारचं म्हणणं, ही तर सरकारी जमीन, आमची आम्ही देतो. 'समता' नावाच्या संस्थेनं ते न्यायालयात नेलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात सरकारही येतं. सरकारनंही इथली जमीन बिगरआदिवासीला भाड्यानं द्यायची नाही. देशभरात अनुसूचित भागांतल्या खाणींच्या वादांत हा 'समता निकाल' आजही पुढे ठेवला जातो. तो उगवला या गुहेच्या अंगणातून. वाटाड्याच्या बॅटरीत तो येत नाही.

खाण नसली तरी आपण आहोतच. दिव्यांजवळचे दगड नीट पाहा, हिरवट दिसतील. अंधारात शेवाळ वाढत नाही, दिव्याच्या उजेडात वाढतं. हाताच्या उंचीवरचे लवणस्तंभ काळपट, गुळगुळीत झालेत. आपल्या कातडीचं तेल लागलं की पाणी तिथे धरत नाही आणि चुना बसायचा थांबतो. एका बाईंनी मुलाला उचलून मुद्दाम हात लावायला लावला, "लाव, देव आहे." काय बोलणार!

मघाशी पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, गुडघे दुखत असतील तर जावं का. माझी आत्या त्र्याहत्तर वर्षांची. पायऱ्या पुष्कळ आहेत, ओलसर आहेत, उतरताना सोपं आणि परत येताना दम काढणारं. कठडे आहेत. शिवलिंगाकडे चढणारा अरुंद जिना तिनं सोडला, खालूनच हात जोडले. बूट घाला, मी चपलेनं गेलो आणि एकदा सपशेल बसलो. बाहेर बांबूच्या नळीत भाजलेली कोंबडी मिळते, आत्या शाकाहारी, तिनं भाजलेलं कणीस खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिमिलीच्या किनाऱ्यावर गेलो. गोस्थनी तिथे समुद्राला मिळते. वाटेत ताटीपुडीच्या धरणात अडवून तिचं पाणी विशाखापट्टणमला दिलेलं आहे. आत्या बराच वेळ मुखाकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "अरे, काल हॉटेलात आपण तेच पाणी प्यायलो की काय?"

"असेलही," म्हटलं.

"मग चहा बरा झाला होता."