निळ्या शर्टावरचा पांढरा ठिपका

[दृश्य : गडद निळ्या शर्टाची बाही. कॅमेरा अगदी जवळ.]

शर्ट कोरा आहे, घडी नुकतीच मोडलेली. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काही दिसलं नव्हतं. घरी उन्हात धरल्यावर बाहीवर एक पांढरा ठिपका दिसला, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. घासून जात नाही, धुऊन जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं रंग खराब, दुकानदार म्हणतो धुण्यात काहीतरी झालं. दोघांचाही अंदाज चुकलाय. हा ठिपका रंगाच्या आधीचा आहे, विणण्याच्याही आधीचा. तो शेतातून आलाय.

[दृश्य : नागपूरजवळ सावनेरकडचं शेत. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची वेचणी.]

दिवाळीच्या आगेमागे बोंडं फुटतात आणि बाया कमरेला ओटी बांधून वावरात उतरतात. वेचलेला कापूस बांधाशी आणून भरला जातो, आणि भरायला हाताशी काय असतं, तर खताची रिकामी पोती. उन्हापावसानं ही पोती झिजलेली. त्यांची प्लॅस्टिकची एखादी पट्टी सुटते आणि कापसात जाते. कधी सुतळी, कधी गुटख्याच्या पुडीचा तुकडा, कधी डोक्यावरचा लांब केस. वेचणीची मजुरी किलोवर. एकेक कचरा निवडत बसलं तर दिवसाचा कापूस कमी भरतो, आणि साफ कापसाला चार पैसे जास्त मिळत नसतील तर तो निवडायचा कुणी आणि का? सगळा दोष वेचणारणीवर ढकलणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

[दृश्य : जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी. मग यंत्राजवळ.]

इथे कापसातून रुई, म्हणजे तंतू, आणि सरकी, म्हणजे बी, वेगळी होते. १०० किलो कापसाला साधारण ३४-३५ किलो रुई, बाकी बहुतेक सगळी सरकी. आपल्याकडे जास्त करून दोन रोलरची जिन चालते. जवळून पाहा. खरखरीत रोलर रुईचे तंतू धरून आत ओढतो, सरकी पात्याशी अडते आणि वरखाली हलणारं दुसरं पातं तिला ठोकरून खाली पाडतं. करवतीच्या दात्यांची जिन याहून वेगानं चालते, पण लांब धाग्याच्या कापसाला तिच्यात इजा होते. आपल्या भागातला बराचसा कापूस २८ ते ३० मिलिमीटर लांबीचा, त्यामुळे रोलरच बरा.

सरकी जाड, ती अडते. प्लॅस्टिकची पट्टी चपटी, ती रुईबरोबर सरळ पुढे निघून जाते. मग रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते आणि आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

नागपुरात या विषयाची माणसं कमी नाहीत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून इथे आहे. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्रही नागपूरचंच. बियाण्यावर इथे काम होतं, यंत्रावर होतं. पोत्याचं मात्र अजून पोतंच.

[दृश्य : एम्प्रेस मिलचं जुनं छायाचित्र. त्यावरून आजचा मॉल.]

आता सूतगिरणी. नागपूरच्या जुन्या माणसाला गिरणी म्हटलं की एम्प्रेस आठवते. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी. म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर का? कापूस दारात होता, रेल्वे १८६७ मध्येच पोचली होती, कोळसाही फार लांबचा नव्हता. ही गिरणी २००२ साली बंद झाली. देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुक बदललेल्या वाणाला, परवानगी मिळाली तीही २००२ मध्येच. शेतात कापूस वाढायला लागला आणि शहरातला भोंगा थांबला, असं एका वर्षात घडलं.

[दृश्य : चालू सूतगिरणी. कार्डिंग यंत्र.]

गाठ फुटली की रुई आधी झोडपून मोकळी करतात, मग कार्डिंगवर जाते. बारीक तारांच्या दाट दात्यांमधून एकेक तंतू सुटा होतो आणि जाड, मऊ पेळू बाहेर पडतो. आपली प्लॅस्टिकची पट्टी इथेच फाटते. एकाची असंख्य होते, केसाएवढी बारीक. आता ती वेचून काढणं माणसाच्या हातात राहत नाही. मोठ्या गिरण्यांत कॅमेरे आणि हवेचे झोत लावून हा कचरा शोधतात, तरी काही निसटतोच, कारण पांढऱ्या रुईत पांढरं प्लॅस्टिक शोधायचं असतं.

पेळू ताणून बारीक करत नेतात आणि शेवटी रिंग फ्रेम या कताईच्या यंत्रावर त्याला पीळ बसतो. पीळ आहे म्हणून सूत आहे, नाहीतर तंतू नुसते एकमेकांवरून घसरले असते. पीळ कमी तर सूत तुटतं, जास्त झाला तर कापड अंगाला टोचतं. सूत किती बारीक ते काउंटवरून कळतं, आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. शर्टाचं ४० काउंटचं सूत किलोभर घेऊन उलगडत निघालात तर ६७ किलोमीटर पुरेल. नागपूरहून निघाल्यास भंडारा येऊन जाईल.

[दृश्य : यंत्रमाग. मग हातमागावर धोटा.]

मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा. एक खाली, एक वर अशी साधी वीण म्हणजे पॉपलिन, मांजरपाट. बाणा दरवेळी एक घर सरकला की तिरकी रेघ उठते, ती ट्विल, जीन्स आणि खाकीची. टी-शर्टात ताणाबाणा नसतोच. एकाच धाग्याचे फास फासात अडकवलेले असतात, म्हणून तो ताणला जातो.

ताण्याला मागावर सतत ओढ असते, त्यामुळे त्याला आधी खळ द्यावी लागते. कापड विणून झालं तरी ती ओढ धाग्यात राहते आणि पहिल्या पाण्यात सुटते. कापड आटतं ते यामुळे. गल्लीतला जुना शिंपी म्हणतो, "भाऊ, भिजवून आणा, मंग शिवतो." हे शास्त्र त्याला कुणी वहीत लिहून दिलेलं नाही.

विदर्भाचं विणकाम म्हटलं की भंडाऱ्याकडची टसर रेशमाची करवत काठी साडी दाखवावीच लागेल. तिच्या काठाचे करवतीसारखे दाते हातमागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरवून घालतात. पण टसर हा वेगळ्या व्हिडिओचा विषय. आपण शर्टाकडे येऊ.

[दृश्य : रंगाईचं यंत्र. निळं पाणी.]

सुती कापडाचा रंग बहुतेक वेळा कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध करून बसतो. पोत्याचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हा रंग धरतच नाही. सगळं कापड निळं होतं, तेवढी एक काडी पांढरी राहते. पांढऱ्या शर्टात ती कधीच सापडली नसती.

[दृश्य : कटिंग टेबल. कापडाचे थर.]

कपड्यांच्या कारखान्यात थानं उलगडून थरावर थर रचतात आणि उभ्या पात्याच्या यंत्रानं सगळे थर एकदम कापतात. प्रत्येक तुकड्यावर नंबराची चिठ्ठी लागते. कारण एकाच रंगाच्या दोन थानांत उन्नीस-बीस फरक असतो. एका थराची बाही दुसऱ्या थराच्या पाठीला लागली तर शर्ट दोन निळ्यांचा होतो. पॅन्टचा तुकडा उभ्या धाग्याला धरून कापला नाही तर धुतल्यावर पायाची शिवण फिरून पुढे येते. अशी पॅन्ट कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. कॉलरच्या आत चिकटवायचं अस्तर असतं, त्याला उष्णता कमी पडली तर दोन-चार धुण्यांत कॉलरला फुगे येतात.

[दृश्य : नागपूरची गांधीबाग. कापडाचं दुकान.]

दुकानात मात्र प्रश्न दुसराच. हे खरंच सुती आहे का? नागपूरजवळ पऱ्हाटीही आहे आणि बुटीबोरीला पॉलिस्टर तयार करणारा कारखानाही. दोन्हींचं मिश्रण म्हणजे बाजारातलं पीसी कापड. पॉलिस्टर वाईट नाही. टिकतं, चुरगळत नाही, शाळेच्या गणवेशाला उपयोगी पडतं. पण कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मे महिन्यात ४५ अंशांत सीताबर्डीवर फिरताना हा फरक पाठीला कळतो.

तपासायचं असेल तर कडेचा धागा ओढून घ्या, चिमट्यात धरा आणि पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि बोटानं चुरली तर पिठूळ राख. पॉलिस्टर आधी आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. राखही आहे आणि मणीही, तर ते मिश्रण. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे पेटवून पाहा. काही कापडांत ताणा एका जातीचा असतो आणि बाणा दुसऱ्या.