मासे सर्वांत शेवटी

(दृश्य: काचेची टाकी. खडक, पांढरी वाळू, वाहतं पाणी. मासा एकही नाही.)

या टाकीत मासा यायला अजून महिनाभर तरी आहे. हीटर चालू आहे, पंप चालू आहे, आणि घरातला प्रत्येक जण रोज एकदा विचारतो, "मासे कधी?" खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय लावताना हाच प्रश्न थोपवून धरावा लागतो. ज्याला तो थोपवता येतो, त्याचे मासे जगतात.

सुरुवात पाण्यापासून. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मिठाबरोबरच मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही विरघळलेलं असतं. त्यामुळे स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही, मत्स्यालयासाठी बनवलेलं समुद्री मीठच लागतं. आणि ते नळाच्या पाण्यात कालवू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकतं, जुन्या पाइपांतून तांबंही उतरतं. माशाला सोसेल एवढं तांबंसुद्धा कोळंबी आणि गोगलगायी मारून टाकतं. म्हणून आधी आरओ (बारीक पडद्यातून क्षार अडवणारी) आणि त्यापुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारी) गाळणी लावून पाणी जवळपास कोरं करून घ्यायचं, मग त्यात मीठ.

(दृश्य: बादलीत फिरणारा छोटा पंप. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचा थेंब.)

हे मिश्रण टाकीबाहेर, वेगळ्या भांड्यात करायचं. पंप लावून पाणी काही तास फिरू द्यायचं, तापमान २५ अंशांच्या आसपास आणायचं आणि मग मोजायचं. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड, ते १.०२५ च्या जवळ आलं, की पाणी तयार.

पुढे रोज या टाकीतलं थोडं पाणी वाफ होऊन जाणार. वाफ होतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून पातळी उतरली की वरून गोडं पाणी घालायचं. नवशिक्यांचा हात इथे हमखास मिठाच्या पाण्याकडे जातो आणि टाकी दिवसागणिक खारट होत जाते. छोट्या टाकीत हा बदल फार झपाट्यानं होतो. "आधी लहान टाकीवर शिकतो" हा विचार समंजस वाटतो, पण समुद्री टाकीच्या बाबतीत तो उलटा पडतो. पाणी जितकं जास्त, तितकी चूक हळू वाढते आणि सावरायला वेळ मिळतो. फक्त जागा विचार करून निवडा. २०० लिटरची टाकी खडक, वाळू आणि काचेसकट अडीचशे किलोच्या पुढे जाते. एकदा भरली की ती हलवता येत नाही.

आता त्या महिन्याकडे येऊ. मासा श्वास घेतो तेव्हाच त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरत असतो. उरलेलं अन्न कुजलं की त्यात आणखी भर पडते. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो, आणि सामू चढता असला की अमोनियाचा विषारी भाग कित्येक पटींनी वाढतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. चार काचांच्या आत त्याला जायला जागाच नसते.

त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या गटाचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते बरंच सौम्य असतं. ही वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकीत मोजून थोडा अमोनिया घालायचा आणि चाचणी किटवर आकडे पाहत राहायचं. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी सायकल झाली, म्हणजे माशांसाठी तयार झाली.

पूर्वी या कामासाठी डॅमसेल मासे सोडायचे. काटक मासा, अमोनिया सोसतो, म्हणून. सोसतो म्हणजे त्याचे कल्ले जळत असतात. ही पद्धत क्रूर आहे आणि आज तिची काहीच गरज उरलेली नाही. शिवाय वाचलेला डॅमसेल सगळी टाकी आपलीच समजतो आणि नंतर येणाऱ्याला जगू देत नाही.

(दृश्य: खडकाचा जवळून घेतलेला छेद. भोकं, कपारी, गुलाबी शेवाळाचे डाग.)

खडक हे या टाकीचं खरं यंत्र. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या टाक्यांबद्दल लिहिलं. समुद्रातले जिवंत खडक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले), हवेचे बुडबुडे आणि उजेड, एवढ्यावर ते मासे आणि प्रवाळ सांभाळत होते. सच्छिद्र खडकाच्या वरच्या थरात प्राणवायू भरपूर असतो, तिथे अमोनियावर काम करणारे जिवाणू राहतात. आत, जिथे प्राणवायू संपतो, तिथे दुसरेच जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. आज समुद्रातून खडक उचलण्यापेक्षा कोरडा खडक घेऊन त्यावर वस्ती वाढवणारे बरेच आहेत. वेळ जास्त जातो, पण प्रवाळ बेटाला हात लागत नाही. माझं मत याच बाजूचं आहे.

वापरलेला खडक मिळाला तर एक सावधगिरी. तो कधीही उकळू नका. त्यावर झोअँथिड जातीचे प्रवाळ असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर हवेत येतं, आणि माणसाला रुग्णालयात पोचवण्याइतकं ते घातक आहे. असे प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

मध्येच कधीतरी वाळूवर तपकिरी थर चढेल. ते डायटम, एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. त्यांच्यामागून हिरवं शेवाळ येईल. बहुतेक प्रत्येक नवी टाकी यातून जाते. औषधं ओतू नका. उजेड थोडा कमी करा आणि टाकी सायकल झाली की गोगलगायी सोडा.

(दृश्य: क्लाउनफिशची जोडी.)

आणि आता मासे. पहिला मान क्लाउनफिशचा. काटक, लहान आणि मुख्य म्हणजे टाकीतच जन्मलेला सहज मिळतो. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान पिल्लं आणली तरी जोडी जमते.

निळा टँग मात्र मोहात पाडतो. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याला पोहायला लांबच लांब टाकी लागते. मँडरिन मासा त्याहून अवघड. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव, टिपत असतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि डोळ्यांदेखत तो उपाशी मरतो.

टाकीत जन्मलेला मासा घ्या, हे मी आग्रहानं सांगेन. समुद्रातले मासे पकडताना काही ठिकाणी सायनाइड फवारलं जातं. मासा गुंगतो, आजूबाजूचं प्रवाळ मरतं, आणि तो मासाही पुष्कळदा थोड्याच दिवसांत जातो. इंडोनेशियातला बांगाई कार्डिनल व्यापारासाठी इतका उपसला गेला, की तो २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहे. हाच मासा टाकीत सहज वीण करतो. नर अंडी तोंडात सांभाळतो.

आणलेला मासा थेट मुख्य टाकीत जात नाही. आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर ते क्रिप्टोकॅरियन हे परजीवी. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते याच वेगळ्या टाकीत द्यायचं. मुख्य टाकीत दिलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं जाईल.

शांत मासे आधी सोडा, हद्द राखणारे शेवटी. दोन माशांमध्ये काही आठवडे जाऊ द्या, म्हणजे जिवाणूंची वस्ती वाढत्या अमोनियाला पुरी पडेल. आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. हा मासा समुद्रातला की टाकीत जन्मलेला? आणि माझ्यासमोर त्याला खायला घालाल का? तो खात नसेल, तर त्याला तिथेच राहू द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बघा.