पगारवाढीची तारीख

नमस्कार श्रोतेहो. जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात मशीनवर असलेला एक चोवीस वर्षांचा पोरगा. पगार 20,600. मार्चअखेर मालकाने दोन हजारांची वाढ देऊ केली, तर हा म्हणतो, नको! घरी आईला साखर अन् बीपी. गोळ्या-तपासण्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या दवाखान्यातून. आईवडिलांचं उत्पन्न महिना 9,000 च्या आत, म्हणून त्यांची नावं त्याच्या कार्डावर. अन् ईएसआयची पगारमर्यादा 2017 पासून 21,000. ओलांडली की कार्ड बंद, असा त्याचा हिशेब.

टाइम ऑफिसातले जुने कारकून म्हणाले, “वाढ कशाला सोडतो भो? एप्रिलची मे करून घे!”

आता नीट ऐका. ईएसआयसाठी पगारातून कापतात त्या वर्गणीच्या सहामाही दोन: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. सहामाही सुरू होताना पगार मर्यादेत असला, तर मध्येच वाढला तरी ती संपेपर्यंत वर्गणी चालूच. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून औषधपाणी. ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे वाढ 1 एप्रिलला घेतली तर डिसेंबरपर्यंत उपचार, 1 मेला घेतली तर पुढच्या जूनपर्यंत. परत सांगतो: एप्रिलला डिसेंबर, मेला जून. पोराने एका महिन्याचे दोन हजार सोडले अन् सहा महिन्यांचे उपचार राखले. कपात किती? 22,600 वर पाऊण टक्का, 170 रुपये. मात्र वाढीच्या पत्रावर 1 मे हीच तारीख हवी, मागची थकबाकी नको. आणि सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी. लग्नसराईत खाडे करणाऱ्यांनी जपावं.

21,000 मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. त्यापायी जादा शिफ्ट नाकारू नका.

रावेर-यावलकडे केळीचा पीकविमा मुदतीत भरतात, माणसांचा मात्र “बघू पुढे”. असो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, पण रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

ईएसआय सुटणार असेल, तर स्वतःची आरोग्यविम्याची पॉलिसी ऑक्टोबरातच काढा, जूनची वाट नको. पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं. फॉर्मवर आईची साखर लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक अन् कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर जीएसटीही नाही.