लवणासुराचं झाकण

ही वाट विवराच्या काठावरून खाली उतरते. बाजूला सागाची झाडं, तळाशी हिरवट, खारं पाणी. लोणार, जिल्हा बुलढाणा. हजारो वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली आणि बेसाल्टच्या कातळात जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर पडलं. गावातल्या पोरांना आकडा तोंडपाठ आहे. पण रोज काठावरून जाताना खाली कुणी बघत नाही.

आता ही ओसरी बघा. आजीच्या हातात सूप, सुपात तुरीची डाळ, भोवती पोरं.

"लवणासुर जमिनीखाली राहे. वरून दगडाचं झाकण. विष्णू आला देखणा पोरगा होऊन. असुराच्या बहिणीच भाळल्या त्याच्यावर, अन् जागा सांगून बसल्या. मंग देवानं पायाच्या आंगठ्यानं झाकण उडवलं!"

सूप थांबतं.

"मंग झाकण कुठी पडलं, आजी?"

"ढाकेफळाले. तिथली टेकडी हाये ना, तेच."

तोच पोरगा आता काठावर उभा आहे. नजर या कडेवरून त्या कडेला जाते, परत येते. "एवढं मोठं झाकण?" पाठ केलेला 1.8 त्याला आज पहिल्यांदा दिसतोय. असुर खरा नव्हता, हे त्यालाही ठाऊक आहे. तरीही विवर त्याला दाखवलं ते असुरानेच.

लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिरात भरदुपारीही अंधार असतो. टॉर्च वर धरा. छतावर विष्णूने केलेला लवणासुराचा वध कोरलाय. छताच्या दगडावर, मान मोडेपर्यंत वर बघावं लागेल अशा जागी! ज्यांनी कोरला, त्यांनाही ही गोष्ट तेवढीच मोलाची वाटली असणार.

आणि हे जून 2020 चं पाणी. गुलाबी. म्हातारी माणसं म्हणाली, लवणासुराचं रक्त. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तेव्हा मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि त्यांच्या रंगद्रव्याने सरोवर रंगलं. असुराची गोष्ट ऐकलेल्या पोराला हे सांगून बघा. इतक्या खाऱ्या पाण्यात कुणी जगतं, याचंही त्याला तेवढंच नवल वाटतं.

त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. सरोवर जपायची जबाबदारी आता याच पोरांवर येणार आहे. त्यांच्या शाळेत गोष्टीचा तास हवा, आणि तो विज्ञानाच्या तासाला लागूनच हवा.