खांबावर चढण्याआधी

(दृश्य: मोकळ्या जागेत उभा लाकडी ड्रम. शेजारी ताडपत्रीवर मांडलेली हत्यारं.)

या काळ्या केबलच्या आत काचेचे तंतू आहेत. एकेक तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा. ज्यातून प्रकाश धावतो तो सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या, तंतूचा गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. खांबाखांबांवरून केबल ओढताना ती जास्त ताणली, वाजवीपेक्षा वाकली किंवा तिला पीळ पडला, तर आतली काच दुखावते. वरचं आवरण मात्र जसंच्या तसं, चकचकीत. इजा डोळ्यांना दिसत नाही, हीच या कामातली खरी अडचण. ताडपत्रीवरची निम्मी हत्यारं तेवढ्यासाठीच आणलेली आहेत.

तपासणी ड्रमपासून सुरू होते. ड्रम उभाच ठेवायचा. आडवा पाडला की वेटोळी सैल पडून एकमेकांत अडकतात. फळ्या काढल्यावर आत डोकावणारे खिळे आधी उपटायचे. मग केबलचं मोकळं टोक सोलून ओटीडीआरला जोडायचं. हे यंत्र तंतूत प्रकाशाचे ठोके सोडतं आणि परत येणाऱ्या अंधूक उजेडावरून तंतूची लांबी आणि वाटेत होणारी प्रकाशाची घट मोजतं.

(दृश्य: ओटीडीआरच्या पडद्यावर उतरत जाणारी रेघ.)

चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या (घट मोजायचं एकक) आसपास घट दिसते, १३१० ला ०.३५ च्या आसपास. दोन्ही तरंगलांबींवर मोजायचं, कारण केबल कुठे दबली किंवा वाकली असेल तर १५५० ला ते जास्त ठळक दिसतं. यंत्राच्या अगदी तोंडाशी असलेला दोष त्याला दिसत नाही, म्हणून यंत्र आणि केबल यांच्यामध्ये जोडतंतूची गुंडाळी लावतात. पडद्यावरची लांबी केबलवर छापलेल्या मीटरपेक्षा थोडी जास्त आली तर घाबरायचं कारण नाही. तंतू आत पीळ घेत जातात, त्यामुळे ते केबलपेक्षा लांबच असतात. दोन किलोमीटरच्या ड्रमवर रेघ मध्येच तुटली, तर मात्र तो ड्रम परत. या नोंदी जपून ठेवायच्या. उद्या दोष निघाला, की तो कारखान्यातून आला की ओढताना झाला, हा वाद त्यांच्याच जोरावर मिटतो.

आता पुल्या. ताणाखाली असलेल्या केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या किमान वीसपट असावी, स्थिर केबलला दहापट पुरते, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे १२ मिलिमीटरच्या केबलला ओढताना २४० मिलिमीटर त्रिज्या हवी. कोपऱ्याच्या खांबावरची पुली त्यामुळे जवळजवळ अर्धा मीटर व्यासाची लागते. सरळ रांगेतल्या खांबांवर लहान पुल्या चालतात, आणि म्हणूनच गाडीत त्याच जास्त भरल्या जातात. मोठी पुली विसरली की कोपऱ्यावर काम अडतं.

(दृश्य, जवळून: बोट पुलीच्या खाचेतून फिरतंय.)

प्रत्येक पुली हातानं फिरवून बघायची. खाचेत बोटाला काही बोचलं, तर ते केबललाही बोचणार.

ओढण्याच्या टोकाची मांडणी नीट पाहा. केबलच्या तोंडावर तारेचा विणलेला मोजा, त्यावर घट्ट चिकटपट्टी. मोजा आणि दोर यांच्या मध्ये स्विव्हल. दोराला ताण आला की तो पीळ सोडायला लागतो, आणि तो पीळ केबलमध्ये उतरू नये म्हणून ही फिरती कडी. काही कड्यांमध्ये ठरावीक ताणाला तुटणारी पिन असते. बाहेरच्या कामाच्या पुष्कळ केबलींना ओढण्याची मर्यादा २७०० न्यूटन, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास असते. तरी आकडा त्या केबलच्या कागदावरूनच घ्यायचा. ताणकाटा सोबत हवाच. ‘हाताला अंदाज येतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हाताला तुटायच्या आधीचा अंदाज येत नाही.

केबल खांबाला धरून ठेवणारे क्लॅम्प तिच्या जाडीप्रमाणे निवडायचे. क्लॅम्पच्या, केबलभोवती गुंडाळायच्या पीळदार सळ्या एका मापानं चुकल्या, की केबल सरकते तरी किंवा चेपते तरी.

इथेच झोळाचा, म्हणजे दोन खांबांमध्ये केबल किती खाली लोंबते त्याचा, हिशोबही होतो. खांबांमध्ये ५० मीटर अंतर, केबलचं वजन मीटरला १०० ग्रॅम. मध्ये अर्धा मीटर झोळ ठेवला तर साडेबासष्ट किलोची ओढ येते. झोळ पाव मीटरवर आणला की ओढ दुप्पट, सव्वाशे किलो. वाऱ्याचा जोर यात धरलेलाच नाही. झोळ गबाळा दिसतो म्हणून केबल ताठ करायचा मोह होतो. किती झोळ ठेवायचा त्याचा तक्ता असतो, त्याबाहेर जायचं नाही. तक्ता तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून पेटीत साधा तापमापक असतो.

(दृश्य, जवळून: रबरी हातमोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडली जातेय.)

हातमोज्यात हवा कोंडून तो कानाशी धरतात. सूं ऐकू आलं तर तो हातमोजा बाद. रबरी हातमोज्यावर कातड्याचा हातमोजा चढवायचा. हार्नेसची, म्हणजे चढताना अंगावर बांधायच्या सुरक्षापट्ट्यांची, शिवण आणि कड्या बघायच्या. लाकडी खांब हातोडीनं ठोकायचा. पोकळ आवाज आला तर त्यावर कुणीही चढायचं नाही. जवळून वीजवाहिनी जात असेल, तर केबलला आधार देणारी धातूची तार जमिनीला जोडायची सामग्री आधीच काढून ठेवायची.

जोडणीची पेटी, म्हणजे तंतू जोडणारं स्प्लायसिंग मशीन, तंतू सरळ कापणारा क्लीव्हर, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, काचेच्या तुकड्यांची बंद डबी, सध्या गाडीतच राहू द्या. ओढकामाच्या धुळीत ती उघडायची नाही.

राहिला ड्रम कुठे लावायचा ते. पहिल्या खांबावरच्या पुलीची जी उंची, तिच्या तिप्पट-चौपट अंतरावर. जवळ लावला तर पहिल्याच पुलीवर केबल उभी चढते आणि तिथेच वाकते. ड्रमपाशी एक माणूस ब्रेकवर, एक ताणकाट्यावर, कोपऱ्याच्या प्रत्येक खांबावर एकेक. सगळ्यांकडे वॉकीटॉकी, बॅटऱ्या भरलेल्या. ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो. ‘ओढा’ म्हणायचा अधिकार फक्त ताणकाट्यावरच्या माणसाला.