आधी खुंटी, मग रस्ता

[दृश्य: राज्यमार्गाच्या रुंदीकरणाचं काम, सकाळ]

रोलर अजून उभाच आहे, पण सर्व्हेच्या पोरांची धावपळ कधीच सुरू झालीय. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते, दूरचा प्रिझम, म्हणजे मोजणीचा किरण परत पाठवणारी काच, नीट दिसत नाही. म्हणून नेमकं काम सकाळीच उरकायचं. रस्ता झाला की यांची आठवण कुणी काढत नाही, म्हणून आज कॅमेरा यांच्याकडे.

ट्रायपॉडचे पाय मुरमात घट्ट रोवले. त्यावर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, खालच्या खिळ्याच्या बरोबर डोक्यावर. यंत्राची पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आला की मागच्या एका पक्क्या बिंदूवर नेम धरायचा. हा बॅकसाइट. इथे चूक झाली तर पुढची प्रत्येक खुंटी चुकते, आणि सगळ्या सारख्याच चुकल्यामुळे आपापसांत मात्र बरोबर दिसतात! म्हणून जाणता सर्व्हेअर आणखी एक माहितीतला बिंदू ताडून बघतो. ही दोन मिनिटं वाचवूच नयेत.

[दृश्य: प्रिझमची काठी धरलेला मुलगा]

“डावीकडे घे... अजून चार सेंटीमीटर... थोडा मागे... बस, ठोक!”

सरळ रस्त्यावर साधारण दर 20 मीटरला एक खुंटी, वळणावर 10 किंवा 5 मीटरला. खुंटीवर लाल रंगात चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर. मग चुन्याची फक्की.

रस्त्याच्या मधल्या रेघेवरची खुंटी मात्र फार टिकत नाही. डोझर आला, मुरूम पडला की ती गाडली जाते. म्हणून कामाच्या पट्ट्याबाहेर, मोजलेल्या अंतरावर, काँक्रीटमध्ये बसवलेल्या खुणा जपायच्या. भरावाचा थर चढला की त्यांच्यावरूनच मधली रेघ पुन्हा काढतात. शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगून ठेवतात, “दादा, याला बैल बांधू नका.”

उंचीचा हिशेब वेगळा. 7 मीटर रुंद डांबरी रस्त्याला दोन्ही बाजूंना अडीच टक्के उतार द्यायचा, तर मध्य कडेपेक्षा पावणेनऊ सेंटीमीटर वर हवा. एवढासा उतार चुकला की पाणी साचतं, डांबरात मुरतं, खड्डा पडतो. वळणावर बाहेरची कड उचलायची, तीही हळूहळू चढवत. समृद्धी महामार्गाची रचना सपाट भागात ताशी 150 किलोमीटर वेगासाठी आहे. त्या वेगात ही उचल नीट नसेल तर गाडी बाहेर ओढली जाते.

[दृश्य: ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी)]

थर दाबून झाला. आता पुन्हा लेव्हल घेतली जाईल. आकडा जमला तर पुढचा थर. नाही जमला तर थर सपाट करणारा ग्रेडर परत फिरेल.